नियमग्रंथ आणि पंच : युद्धपटापासून भूमिकाखेळांपर्यंत नियमांच्या तपशिलाचा प्रश्न (१७८० ते २०२४)

प्रस्तावना

मेजाभोवती बसलेले चार-पाच खेळाडू, प्रत्येकाने स्वीकारलेली एक काल्पनिक व्यक्तिरेखा आणि त्या सर्वांना प्रसंग सांगणारा, त्यांच्या कृतींचे परिणाम ठरविणारा एक सूत्रधार, अशी ज्याची रचना असते त्या खेळास इंग्रजीत 'रोल-प्लेइंग गेम' म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'भूमिकाखेळ' हा शब्द योजला आहे. फासे आणि क्वचित सोंगट्या वापरल्या जात असल्या तरी हा खेळ सारीपाटाच्या जातीचा नव्हे. सारीपाटात खेळाडूने काय करावे याला पटाची मर्यादा असते. भूमिकाखेळात ती नसते. समोरचा दरवाजा बंद असेल तर तो फोडता येईल, किल्ली शोधता येईल, पहारेकऱ्याला लाच देता येईल किंवा दरवाजाच पेटवून देता येईल. या चारही कृतींसाठी नियम लिहून ठेवावेत, की एकही न लिहिता सर्व काही सूत्रधाराच्या तारतम्यावर सोडावे, हा प्रश्न या खेळांच्या जाणकारांत गेली पन्नास वर्षे वादाचा राहिला आहे.

हा वाद बहुधा आवडीनिवडीचा म्हणून सोडून दिला जातो. कोणाला जाडजूड नियमग्रंथ रुचतो, कोणाला दहा पानांची पुस्तिका पुरते, असे म्हटले की विषय संपतो. परंतु इतिहासाकडे पाहता हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. हाच वाद, जवळजवळ याच युक्तिवादांसह, एकोणिसाव्या शतकातील प्रशियन सैन्यात होऊन गेला होता आणि तेथे तो करमणुकीचा नव्हता. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा होता. दोन्ही वाद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता असे दिसते की, नियम किती तपशीलवार असावेत याचे उत्तर नियमांच्या गुणवत्तेत सापडत नाही. निर्णय देणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि त्याच्यावर इतरांचा विश्वास किती आहे, यावर ते अवलंबून असते.

बुद्धिबळाकडून युद्धपटाकडे

या परंपरेचे मूळ भारतात आहे, असे विधान मर्यादित अर्थानेच करता येईल. चतुरंगापासून निघालेले बुद्धिबळ इराण व अरब जगातून युरोपात पोहोचले आणि तेथे अठराव्या शतकापर्यंत युद्धकलेचे प्रतीक मानले जाऊ लागले. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील गणिताचे शिक्षक योहान हेलविग यांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचाच विस्तार करून युद्धाचा पट सिद्ध केला. त्यांच्या पटावर सोळाशेहून अधिक चौकोन होते. डोंगर, दलदल, पाणी यांसाठी चौकोनांना वेगवेगळे रंग होते. सोंगट्यांच्या चाली मात्र बुद्धिबळाच्या वळणाच्या ठेवल्या होत्या, जेणेकरून परिचित खेळातून अपरिचित विषय शिकविता यावा. पुढे व्हेंटुरिनी यांनी १७९७ मध्ये ३,६०० चौकोनांचा पट मांडून रसद, हवामान अशा बाबींचेही नियम केले. नियमांची भर पडत गेली आणि खेळ बोजड होत गेला.

बुद्धिबळाला पंच लागत नाही, ही बाब येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. स्पर्धेत पंच असतो, पण तो घड्याळ आणि शिस्त पाहतो. घोड्याची चाल कोठवर हे तो ठरवीत नाही. बुद्धिबळाचे नियम पूर्ण आहेत, कारण बुद्धिबळाचे जग त्या नियमांपलीकडे अस्तित्वातच नाही. युद्धाचे तसे नाही. नदी कोणत्या ऋतूत उतरून जाता येते, थकलेली पलटण आदेश मिळाल्यावर खरोखर निघते की नाही, धुक्यात तोफा कोणावर डागल्या जातात, हे प्रश्न पटाबाहेरून येतात. हेलविग आणि व्हेंटुरिनी यांनी पूर्ण नियमांचा बुद्धिबळी आदर्श एका अपूर्ण, उघड्या जगाला लावू पाहिला. चौकोन वाढविले तरी जग चौकोनात मावले नाही.

'विश्वासू' पंच आणि १८२४ ची नियमावली

चौकोनांचा त्याग करण्याचे श्रेय राइसविट्झ पितापुत्रांकडे जाते. पिता गेऑर्ग लेओपोल्ड फॉन राइसविट्झ यांनी १८१२ मध्ये राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा यास एक भव्य मेज सादर केले. त्यावर भूप्रदेशाचे सुटे तुकडे हवे तसे मांडता येत. पुत्र गेऑर्ग हाइनरिश हे तोफखान्यातील लेफ्टनंट होते. १८२४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमावलीने 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धक्रीडा, या नावाला कायमचा अर्थ दिला.

मेजाच्या जागी १:८००० या प्रमाणाचा खरा नकाशा आला. तुकड्यांसाठी शिशाचे लहान लाल व निळे ठोकळे होते. प्रत्येक डाव प्रत्यक्षातील दोन मिनिटांचा मानला जाई. खेळाडू सोंगट्यांना हात लावीत नसत. ते आपल्या तुकड्यांना लेखी आदेश देत. पंच ते आदेश वाचून, त्या वेळेत तुकडी किती अंतर जाईल हे मोजून ठोकळे हलवी आणि ज्या तुकड्या शत्रूच्या दृष्टीस पडणे शक्य नाही त्या नकाशावर मांडतच नसे. गोळीबाराचा परिणाम खास बनविलेल्या फाशांनी ठरे. त्यामागे शार्नहोर्स्ट यांनी बंदुका व तोफांच्या परिणामकारकतेविषयी जमविलेली माहिती होती. हानी गुणांनी मोजली जाई आणि ती तुकडीच्या खात्यातून वजा होत जाई. आजच्या भूमिकाखेळात प्रत्येक पात्राला जे 'प्राणगुण' असतात, त्यांचे दूरचे पूर्वज या हिशेबवहीत आढळतात.

जनरल स्टाफचे प्रमुख म्युफलिंग यांनी प्रारंभी थंडपणे हा प्रयोग पाहिला. तो संपेपर्यंत मात्र त्यांचे मत पालटले आणि हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे, अशा आशयाची शिफारस त्यांनी सैन्यास केली. राइसविट्झ यांना या यशाचा लाभ फार काळ मिळाला नाही. बर्लिनहून टोरगाऊ येथे झालेली बदली त्यांनी हद्दपारीसारखी घेतली आणि १८२७ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

या नियमावलीत पंचाला जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ 'विश्वासू' असा होतो. पुढे या पद्धतीला 'कठोर' हे विशेषण लागले, ते मुख्यतः नंतरच्या टीकाकारांनी तिला नव्या पद्धतीपासून वेगळे दाखविण्यासाठी. १८२४ च्या ग्रंथातही नियम जेथे मौन बाळगतात तेथे पंचाने स्वबुद्धीने निर्णय द्यावा अशी अपेक्षा होती. मराठीतील 'पंच' हा शब्द या संदर्भात अर्थपूर्ण वाटतो. गावच्या पंचाचा अधिकार लिखित कायद्याहून अधिक त्याच्या वयावर, अनुभवावर आणि गावाने दिलेल्या मान्यतेवर उभा असे. अर्थात तेथे पाच जण असत. प्रशियन नकाशाशेजारी एकटाच उभा असे.

मेकेल यांचे आक्षेप

राइसविट्झ यांच्यानंतर नियमावलीच्या सुधारित आवृत्त्या येत राहिल्या. बर्लिनच्या अधिकाऱ्यांनी १८२८ मध्ये पुरवणी काढली. १८६२ मध्ये चिश्विट्झ यांनी शस्त्रास्त्रांतील बदल लक्षात घेऊन नवी नियमावली सिद्ध केली. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केला तेव्हा युरोपभर या विजयाची कारणे शोधली जाऊ लागली आणि त्यांत क्रीग्सश्पीलचेही नाव घेतले गेले. १८७२ मध्ये चिश्विट्झ यांच्या पद्धतीवर आधारलेली नियमावली इंग्रजीत आणली ती ब्रिटिश तोफखान्याचे कॅप्टन बेअरिंग यांनी. हेच एव्हलिन बेअरिंग त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे खाजगी सचिव म्हणून हिंदुस्थानात आले, १८८० ते १८८३ या काळात येथील अर्थखात्याचे सदस्य होते आणि नंतर लॉर्ड क्रोमर या नावाने इजिप्तचे भाग्यविधाते ठरले. नियमपुस्तिकेचा अनुवादक पुढे साम्राज्याचे हिशेब पाहू लागला, हा योगायोगच. पण तक्त्यांवर विश्वास ठेवणाऱ्या एका प्रशासकीय पिढीची त्यातून ओळख पटते.

इंग्रज अधिकारी जी नियमावली शिकत होते तिच्याविषयी जर्मनीत मात्र असमाधान वाढत होते. याकोब मेकेल यांनी १८७३ मध्ये युद्धक्रीडेवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे आक्षेप आजही जसेच्या तसे एखाद्या भूमिकाखेळाच्या परीक्षणात छापता येतील. तपशीलवार नियम पंचाचे हात बांधतात आणि त्याचे ज्ञान निरुपयोगी करून टाकतात. युद्धातील शक्यता इतक्या असतात की ताठर नियमांत त्या बसत नाहीत. हानीच्या आकडेमोडीत वेळ जातो आणि इतके करून त्या आकड्यांचा खेळाडूच्या निर्णयावर फारसा परिणाम होत नाही. शेवटचा आक्षेप सर्वांत व्यावहारिक होता : हे नियम शिकण्याचे कष्ट घ्यायला फारसे कोणी तयार नव्हते, त्यामुळे पंचच मिळेनासे झाले होते.

या शेवटच्या मुद्द्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. नियमावली तपशीलवार करण्याचा एक हेतू असा असतो की, ज्याला अनुभव नाही त्यानेही ती वाचून योग्य निर्णय द्यावा. प्रत्यक्षात उलटे घडले. ज्यांना रणांगणाचा अनुभव होता त्या अधिकाऱ्यांना तक्ते पाठ करण्याची इच्छा नव्हती आणि ज्यांनी तक्ते पाठ केले त्यांच्याकडे बहुधा तेवढेच होते. मेकेल यांनी स्वतः फासे व हानीचे तक्ते पूर्णतः टाकले नाहीत. पंचाला अधिक मोकळीक द्यावी इतकेच त्यांचे म्हणणे होते. पुढचे पाऊल १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ यांनी टाकले. १८७० च्या युद्धात मोल्टके यांच्या कार्यालयात काम केलेल्या आणि पुढे प्रशियाचे युद्धमंत्री झालेल्या या अधिकाऱ्याने फासे, तक्ते आणि नियम ही सर्व सामग्री दूर सारली. त्यांच्या पुस्तकात नियमांऐवजी एका खेळाचे सविस्तर वर्णन आहे : पंच परिस्थिती सांगतो, खेळाडू आदेश देतो, पंच परिणाम सांगतो आणि आवश्यक तेथे कारणही देतो. हीच 'मुक्त' पद्धती होय.

मुक्त पद्धतीची किंमत

व्हेर्डी यांची पद्धती त्यांच्या हाती उत्तम चालली असणार यात शंका घेण्याचे कारण नाही. दोन युद्धे जवळून पाहिलेला माणूस जेव्हा सांगतो की ही पलटण आता मागे हटेल, तेव्हा समोरचा तरुण लेफ्टनंट फासा मागत नाही. परंतु पंचाचा अधिकार जेव्हा अनुभवाऐवजी पदातून येतो तेव्हा काय होते? कैसर विल्हेल्म दुसरा याच्या काळातील शाही युद्धाभ्यासांत कैसरची बाजू जिंकणे हा जणू शिष्टाचारच झाला होता. धाकटे मोल्टके यांना जनरल स्टाफचे प्रमुखपद देऊ करण्यात आले तेव्हा, १९०५ मध्ये, सम्राटाने या अभ्यासांत हस्तक्षेप थांबवावा, असा आग्रह त्यांना धरावा लागला.

याहून बोलके उदाहरण जपानी नौदलाचे आहे. मे १९४२ च्या प्रारंभी 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवे मोहिमेचा पटावरील सराव झाला. बेटावरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू जहाजांवर हल्ला केला आहे, असा प्रसंग होता. पंच ओकुमिया यांनी नियमानुसार फासे टाकले; नऊ बॉम्ब लागले आणि 'आकागी' व 'कागा' ही दोन जहाजे बुडाली, असा निकाल आला. सरावाचे प्रमुख रिअर ॲडमिरल उगाकी यांनी तो बदलून तीनच बॉम्ब लागल्याचे जाहीर केले. 'आकागी' वाचली, आणि बुडालेली 'कागा'ही सरावाच्या पुढच्या टप्प्यात पुन्हा तरंगताना दिसली. महिन्याभराने, ४ जून १९४२ रोजी, ही दोन्ही जहाजे आणखी दोन जहाजांसह खरोखरच नष्ट झाली.

ही कथा नेहमी लहरी पंचाला दिलेला धडा म्हणून सांगितली जाते. ती इतकी सरळ नाही. प्रत्यक्ष लढाईत बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू जहाजांना लागला नाही. ती बुडविली अमेरिकी विमानवाहू जहाजांवरून आलेल्या सूर मारणाऱ्या बॉम्बफेकी विमानांनी. म्हणजे सरावात विचारल्या गेलेल्या नेमक्या प्रश्नापुरता फाशांचा निकाल चुकीचा होता आणि उगाकी यांचे अनुमान वास्तवाच्या अधिक जवळ होते. तरीही सरावाची हानी झालीच, आणि ती आकड्यांत झाली नाही. निकाल बदलता येतो हे एकदा सर्वांसमोर घडल्यावर टेबलाभोवतीच्या कोणालाही प्रतिकूल निकाल गांभीर्याने घेण्याचे कारण उरले नाही. निर्णयाची अचूकता आणि निर्णयावरील विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियमावलीचे मुख्य काम बहुधा दुसरीचे रक्षण करणे हे असते.

ब्राउनश्टाइन आणि तीन पुस्तिका

सैन्याबाहेर युद्धक्रीडा छंद म्हणून रुजली त्यात एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील 'लिट्ल वॉर्स' या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. वेल्स यांनी तक्ते टाळून खेळण्यातील तोफेने खरोखर गोळी उडवायची आणि पडलेले शिपाई मोजायचे, असा सोपा उपाय काढला. भूमिकाखेळांची वाट मात्र दुसरीकडून गेली. अमेरिकी सैन्यातील अधिकारी चार्ल्स टॉटन यांचा 'स्ट्रॅटेगोस' हा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला होता. तो मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती पडला. खेळाडूने नियमात नसलेली कृती करू पाहिली तरी पंच तिचा निकाल देऊ शकतो, ही कल्पना त्याने त्यातून उचलली. ग्रंथालयातील विस्मृत पुस्तकाने असे काही घडविल्याची उदाहरणे विरळा, म्हणून ही नोंद.

१९६९ मध्ये वेस्ली यांनी नेपोलियनकालीन युद्धाचा एक खेळ योजला. त्यात ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर सैन्ये चालून येणार होती. खेळाडू जास्त झाले म्हणून काहींना गावातील भूमिका दिल्या गेल्या : एक नगराध्यक्ष, एक बँकवाला, एक विद्यापीठाचा कुलपती, एक विद्यार्थी पुढारी. सैन्ये पोहोचण्यापूर्वीच हे लोक कोपऱ्यांत जाऊन आपापसांत कारस्थाने करू लागले. कोणाचे काय ठरले हे पंचालाच कळेनासे झाले आणि खेळ फसला असे वेस्ली यांनी मानले. खेळाडूंनी मात्र पुन्हा असाच खेळ मागितला. त्या मंडळींपैकी डेव्ह अर्नेसन यांनी १९७१ पासून 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक प्रदेशात हीच पद्धत नेली. सेनापतीच्या जागी आता तळघरात उतरणारा एकेकटा वीर आला. अर्नेसन यांचे नियम मुख्यतः त्यांच्या डोक्यात होते. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांनी हा खेळ पाहून नियम मागितले तेव्हा त्यांना सुमारे वीस पानांची विस्कळीत टिपणे मिळाली. त्यांचा विस्तार होऊन जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात, एक हजार प्रतींत, प्रसिद्ध झाला.

अर्नेसन यांच्या मेजाभोवती नियम डोक्यात असून चालत होते, कारण खेळाडू त्यांना ओळखत होते. छापील पुस्तक अनोळखी गावातल्या अनोळखी माणसाच्या हाती पडते. तीन पुस्तिकांत जागोजागी पोकळ्या होत्या; लढाईसाठी गायगॅक्स यांच्याच १९७१ मधील 'चेनमेल' या वेगळ्या पुस्तिकेकडे बोट दाखविले होते, कोण आधी वार करतो हेही धड सांगितलेले नव्हते. परिणामी प्रत्येक शहरात वेगळा खेळ निर्माण झाला. केन सेंट आंद्रे यांना पुस्तिका समजल्या नाहीत म्हणून त्यांनी १९७५ मध्ये 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा साधा खेळ स्वतःच लिहून काढला. त्याच वर्षी ली गोल्ड यांनी लॉस एंजेलिस येथून सुरू केलेल्या हौशी नियतकालिकात वाचक आपापले नियम छापू लागले. या नियतकालिकास १९७५ मध्ये पाठविलेल्या पत्रात गायगॅक्स यांनी या वैविध्याचे स्वागतच केले होते.

चारच वर्षांत त्यांची भूमिका पार पालटली. १९७७ ते १९७९ या काळात 'ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तीन जाड ग्रंथ आले. त्यांतील सूत्रधारासाठीचा ग्रंथ सव्वादोनशेहून अधिक पानांचा असून त्यात रत्नांच्या प्रकारांपासून रोगांपर्यंत तक्ते आहेत. १९८२ मधील एका लेखात तर गायगॅक्स यांनी पत्त्यांतील पोकर व बुद्धिबळ यांचा दाखला देऊन, नियम बदलणाऱ्याने आपण हाच खेळ खेळतो असे म्हणू नये, असा पवित्रा घेतला. गंमत अशी की, १९७९ च्या त्याच ग्रंथाच्या शेवटी नियमांच्या अक्षरापेक्षा त्यांचा आशय मोलाचा आणि अंतिम शब्द सूत्रधाराचा, असेही त्यांनी बजावले आहे. एका ग्रंथात राइसविट्झ आणि व्हेर्डी दोघेही नांदतात.

या पालटाची कारणे शोधताना अभ्यासकांनी स्पर्धांकडे बोट दाखविले आहे. शेकडो अनोळखी खेळाडू एका संमेलनात वेगवेगळ्या सूत्रधारांच्या हाताखाली खेळून गुणानुक्रमे क्रमवारीत येणार असतील तर निकाल सारखे लागणे भाग असते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरे कारण कमी बोलले जाते. नवा खेळ जुन्याहून वेगळा आहे, अशी प्रकाशक टीएसआर कंपनीची भूमिका होती आणि तसे असल्यास अर्नेसन यांना त्यावर मानधन देण्याचा प्रश्न उद्भवत नव्हता. अर्नेसन यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला. १९८१ मध्ये तडजोड झाली. तपशील हा अशा रीतीने मालकीचाही पुरावा ठरतो. 'सूत्रधाराने ठरवावे' या वाक्यावर कोणाला हक्क सांगता येत नाही. चारशे तक्त्यांवर सांगता येतो.

अपील कोठे करावे?

मात्र प्रशियन आणि अमेरिकी वादांत एक मूलभूत फरक आहे, तो नजरेआड केल्यास साम्य अतिरंजित ठरेल. व्हेर्डी यांच्या पंचाच्या मागे खरे युद्ध उभे होते. त्याचा निर्णय पटला नाही तर खेळाडू त्याला १८६६ ची किंवा १८७० ची एखादी चकमक दाखवून प्रश्न विचारू शकत होता. वास्तव हे तेथे अपिलाचे न्यायालय होते. भूमिकाखेळात ड्रॅगनच्या तोंडून निघणारी आग किती अंतर जाते याविषयी सूत्रधाराचा अनुभव खेळाडूच्या अनुभवाइतकाच, म्हणजे शून्य असतो. येथे अपील दोनच ठिकाणी होऊ शकते : छापील मजकुराकडे किंवा सूत्रधाराच्या न्यायबुद्धीकडे. ज्या विषयात प्रत्यक्ष ज्ञानाची जोड नाही तेथे नियम अधिक दाट होतात, हे १९७४ नंतरच्या ग्रंथांत वारंवार दिसते. दरवाजा कसा उघडावा याबद्दल चार माणसांचे एकमत सहज होते, त्यामुळे त्यावर पाने खर्ची पडत नाहीत; मंत्रांचे वर्णन मात्र शेकडो नोंदींत पसरते, कारण मंत्राविषयी सामान्य ज्ञान नावाची गोष्ट नसते.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. १९८० च्या सुमारास 'रोलमास्टर'सारख्या खेळांनी प्रत्येक जखमेचे तक्ते केले. १९९१ मध्ये एरिक वूइचिक यांच्या 'अँबर' या खेळाने फासेच काढून टाकले. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० मधील तिसऱ्या आवृत्तीने सर्व कृतींसाठी वीस बाजूंच्या फाशाची एकच पद्धत लावली आणि त्याचबरोबर लढाईतील जवळजवळ प्रत्येक हालचालीला नियम दिला. सूत्रधाराच्या लहरीपासून खेळाडूचे रक्षण हा त्यामागील एक हेतू मानला जातो. त्याची प्रतिक्रियाही अपेक्षित होती. २००८ मध्ये मॅथ्यू फिंच यांनी जुन्या पद्धतीच्या खेळाची एक छोटी मार्गदर्शिका लिहून, नियमांपेक्षा निर्णय महत्त्वाचा, हे सूत्र पुढे आणले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत सूत्रधाराकडे काही अधिकार परत आले. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत अनेक व्याख्या पुन्हा नेमक्या केल्या गेल्या.

याच काळात जॉन पीटरसन यांच्या २०१२ मधील 'प्लेइंग ॲट द वर्ल्ड' या ग्रंथाने प्रशियन पूर्वइतिहास सर्वसामान्य खेळाडूंपर्यंत पोहोचविला. त्यानंतरच्या वर्षांत काही गटांनी 'मुक्त क्रीग्सश्पीलचे पुनरुज्जीवन' असे नाव घेऊन एखाद-दोन पानांच्या नियमांवर खेळण्यास प्रारंभ केला आहे. या गटांत खेळापूर्वी सर्वांना परिचित असलेली एखादी कादंबरी किंवा चित्रपट निवडण्याची प्रथा आढळते. सूत्रधाराचा निर्णय पटला नाही तर 'त्या कथेत असे घडले असते का?' असा प्रश्न विचारला जातो. व्हेर्डी यांच्या पंचाला जे स्थान १८७० च्या युद्धाने दिले होते, ते येथे सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकाकडे सोपविलेले दिसते. ज्याने ते पुस्तक वाचलेले नाही असा खेळाडू मेजाशी आला की दुसऱ्याच बैठकीत कोणी तरी वही काढून नियम लिहू लागतो.